डेलेनोची द्राक्षं आणि एक बागायतदार पाहुणा

धाकट्या भावाने फ्रेमाँटहून लॉस एंजेलिसला गाडीने जायचं ठरवलं तेव्हा मी एकच अट घातली, पाच नंबरच्या हायवेने जायचं नाही, नव्याण्णवने जायचं. तो म्हणे दादा तिकडून वेळ जातो, रस्ता बोअर आहे, नुसती शेतं आहेत. मी म्हणलं शेतंच बघायचीत. योसेमिटी त्याआधी झालं होतं, डोंगर भारी, पार्किंग नाही, माणसं आपल्या वणीच्या गडावर नवरात्रात असतात तेवढी. त्यावर मला यापेक्षा जास्त लिहायचं नाही.

आम्ही पिंपळगाव बसवंतकडचे. घरची बाग आजोबांपासून, आधी सगळी थॉमसन, मग थोडी सोनाका, थोडी तास-ए-गणेश, म्हणजे फिरून फिरून थॉमसनचीच पोरं. ज्या विल्यम थॉमसनचं नाव ह्या द्राक्षाला पडलं तो माणूस कॅलिफोर्नियातला, वाण मूळचा कुठलाही असो. त्यामुळे इतक्या लांब येऊन द्राक्षाचा पट्टा न बघता परत गेलो असतो तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

फ्रेस्नोच्या आसपास बेदाण्याचा मुलूख लागतो. आपल्याकडे तासगावला शेड मारून जाळ्यांवर सुकवतात, इथे चक्क दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरून त्यावर घड टाकलेले. पाऊस येणार नाही ह्याची एवढी खात्री बघून मला नुसता हेवा वाटला. पण खाली डेलेनोला आलो तर तिथे पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेल्या ओळीच्या ओळी, उशिराचा माल पावसापासून वाचवायला. म्हणलं बरंय, ह्यांनाही धाकधूक आहे.

डेलेनो बेकर्सफिल्डच्या उत्तरेला, पाऊण तासाच्या आतच. सप्टेंबर असूनही चाळीसच्या वर ऊन, गाव सपाट, बाजूलाच दोन मोठे तुरुंग. पुतण्या मागून म्हणाला काका इथे काय आहे? भाऊ म्हणाला, इथे पाच वर्षं द्राक्षाचा संप चालला होता, तुझ्या काकासारख्या लोकांच्या विरुद्ध. भाऊ कॉलेजात असताना मोर्चेबिर्चे करायचा, आता त्याला दोन टेस्ला आहेत, पण टोमणा मारायची सवय गेली नाही.

मी चिडलोच जरा. मजुरीचा विषय निघाला की मी चिडतो. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, गोडी छाटणीला, विरळणीला, डिपिंगला म्हणजे घड औषधात बुडवायला, एकरी ठेका ठरतो, मुकादम उचल घेतो, आणि ऐन वेळी शेजारच्या बागेत जास्त भाव मिळाला की टोळी तिकडे. येण्याच्या आधीच मुकादमाशी ह्याच्यावरून फोनवर दोनदा वाजलं होतं. त्यामुळे मजुरांच्या संपाचं स्मारक बघायला मी काही हात जोडून गेलो नव्हतो, हे सांगून ठेवतो.

गावात फिलिपिनो कम्युनिटी हॉल आहे. बाहेरून आपल्याकडच्या ग्रामपंचायतीच्या जुन्या सभागृहासारखा, शंभर वेळा रंग दिलेला. आत एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, काहीतरी जेवणाची तयारी चालली होती. आम्ही दारात घुटमळतोय बघून त्यांनी आत बोलावलं, पोरांना थंड पेय दिलं, आणि मी द्राक्षवाला आहे म्हणल्यावर त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. बोटांवर कात्रीचे घट्टे शोधत होत्या बहुतेक. माझ्या हाताला घट्टे नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, हसल्या फक्त, आणि भाऊ त्याहून जास्त हसला.

मला आतापर्यंत जे माहीत होतं ते एवढंच, की सेझार चावेझ नावाच्या मेक्सिकन वंशाच्या पुढाऱ्याने शेतमजुरांचा संप केला, गांधीजींना मानायचा, उपास करायचा. आजींनी दोन मिनिटांत ते बाजूला सारलं. संप सुरू केला तो फिलिपिनो म्हाताऱ्यांनी, ह्याच हॉलमधून, ८ सप्टेंबर १९६५ ला. पुढारी लॅरी इटलिओंग, अलास्काच्या कॅनरीत, म्हणजे मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, बोटं गमावलेला, सिगार ओढणारा माणूस. सोबत फिलिप व्हेरा क्रूझ, पीट वेलास्को. मागणी काय, तर तासाला एक डॉलर चाळीस सेंट आणि पेटीमागे पंचवीस सेंट. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दक्षिणेला कोचेला खोऱ्यात ह्याच लोकांनी तासाचा तो दर मिळवला होता, मग उत्तरेला डेलेनोत माल पिकल्यावर इथले बागायतदार कमी देणार म्हणल्यावर त्यांनी हात वर करून संप ठरवला आणि घड वेलीवर राहू दिले.

मी बागायतदार म्हणून पहिला प्रश्न हाच विचारला, म्हणजे ऐन खुड्याला? त्या म्हणाल्या, मग कधी करायचा, जानेवारीत?

पुढचं त्यांनी जे सांगितलं ते मला रात्रभर पुरलं. हे सगळे मनाँग, म्हणजे त्यांच्या भाषेत थोरले भाऊ, पोरवयात १९२०-३० च्या काळात आलेले. बायका जवळजवळ आल्याच नाहीत. १९३४ च्या कायद्याने फिलिपिन्समधून वर्षाला फक्त पन्नास माणसं येऊ शकत होती, म्हणजे गावाकडून बायको आणायची सोय संपली, आणि कॅलिफोर्नियात १९४८ पर्यंत गोऱ्या बाईशी लग्न करायला कायद्याने बंदी. मग लग्नच नाही. अॅस्परॅगस, द्राक्ष, लेट्यूस, अलास्काचे मासे, असं हंगामाप्रमाणे फिरत फिरत साठीला पोचले आणि राहायला जागा म्हणजे बागायतदाराच्या मळ्यातला कॅम्प. संप केला तसा बागायतदारांनी कॅम्पचं पाणी तोडलं, गॅस तोडला, लाईट तोडली, बऱ्याच जणांना सामानासकट बाहेर काढलं. ज्याला पोरंबाळं नाहीत, घर नाही, गाव सात समुद्रापलीकडे, तो म्हातारा पेटी घेऊन रस्त्यावर आला. आणि आला तो ह्या हॉलमधे, जेवायला. आजींनी त्या स्वयंपाकघराचं दार उघडून दाखवलं, मोठाली पातेली होती, एकाचा कान तुटलेला, तारेने बांधलेला. तेव्हाची आहेत का हे मी विचारलं नाही.

आता ह्यातली खरी अडचण बागायतदारालाच कळेल. पूर्वी फिलिपिनोंनी संप केला की मालक मेक्सिकन आणायचे, मेक्सिकनांनी केला की फिलिपिनो. आपल्याकडेही हाच हिशोब, एक टोळी अडली की दुसऱ्या तालुक्यातली बोलवा, आम्ही सगळे करतो. हे इटलिओंगला पक्कं माहीत होतं, म्हणून तो चावेझ आणि डोलोरेस वेर्ता ह्यांच्याकडे गेला. त्यांची संघटना १९६२ मधे निघालेली, बहुतेक मेक्सिकन, आणि चावेझचं मत असं की आपण अजून संपाला तयार नाही, दोनतीन वर्षं लागतील. पण आठवड्याभरात, १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, गावातल्या ग्वादालुपे माउलीच्या चर्चमधे सभा झाली आणि लोकांनी ओरडून संप ठरवला. म्हणजे ज्याच्या नावाने आज रस्ते आणि शाळा आहेत तो संपात दुसऱ्या दिवशी नाही, दुसऱ्या आठवड्यात आला. पुढे १९६६ मधे फिलिपिनोंची आणि चावेझची अशा दोन्ही संघटना एक झाल्या, खाली युनियन म्हणतोय ती हीच.

मेक्सिकन आणि फिलिपिनो एकाच पंगतीत जेवले की मालकाची पंचाईत, इथपर्यंत मला पटलं. पण शेकडो चौरस मैलांचा पट्टा, बागेच्या कडेला रस्त्यावर झेंडे घेऊन उभं राहून संप जिंकता येत नाही, हे मी शेतकरी म्हणून सांगतो. आत कोण खुडतंय ते दिसतसुद्धा नाही, आणि कोर्टाचा मनाई हुकूम आणला की गेटवरूनही हाकलतात. तेच झालं. म्हणून मग भांडण बागेतून उचलून बाजारात नेलं. द्राक्ष हा काही गहू नाही, कोल्ड स्टोरेजला किती दिवस ठेवणार, दुकानदाराने नाही म्हणलं की माल सडला. ही नस त्यांनी धरली.

आणि गंमत बघा, अमेरिकेच्या १९३५ च्या कामगार कायद्यातून शेतमजुरांना मुद्दाम वगळलेलं, त्यामुळे युनियनला मान्यता द्यायची सक्ती मालकावर नव्हती. पण त्याच कायद्यात पुढे इतर युनियनांवर जी बंदी आली, की ज्याच्याशी भांडण त्याचा माल विकणाऱ्या तिसऱ्याच दुकानाबाहेर धरणं धरायचं नाही, तीही ह्यांना लागू नव्हती. मालकांच्या सोयीसाठी ठेवलेल्या खिडकीतून हे लोक आत शिरले. भाऊ वकील नाही पण त्याला हे फार आवडलं, बेकर्सफिल्डपर्यंत तेच बोलत होता.

एलिसेओ मेडिना म्हणून एकवीस वर्षांचा खुडणी करणारा पोरगा, त्याला शिकागोला पाठवलं, खिशात शंभर डॉलर, पिशवीभर बिल्ले आणि ओळखीच्या एका माणसाचं नाव. तोपर्यंत तो विमानात बसलेला नव्हता. असे कितीतरी जण न्यूयॉर्क, बोस्टन, टोरंटोला गेले, चर्चमधे, कॉलेजात, बाजारात बायकांना गाठून सांगायचे की ताई ही द्राक्षं घेऊ नका, ह्या बागांत संडास नाही, सगळ्या टोळीला पाणी प्यायला एक पेला, अंगावर औषधाची फवारणी. जुमारा नावाची मोठी कंपनी दुसऱ्यांच्या लेबलवर माल विकायला लागली, तर ह्यांनी १९६८ मधे सरळ कॅलिफोर्नियाच्या सगळ्याच खाण्याच्या द्राक्षांवर बहिष्कार जाहीर केला. मला त्यात छोट्या बागायतदाराची दया आली, आणि आजींना तसं बोललोही, की ज्याने चांगली मजुरी दिली त्याचाही माल पडलाच ना. त्या म्हणाल्या, त्याने तेव्हाच सही करायची होती. आमचं तिथे एकमत झालं नाही.

मोर्चाही निघाला होता, १७ मार्च १९६६ ला डेलेनोहून पायी, १० एप्रिलला ईस्टरच्या रविवारी सॅक्रामेंटोला, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत असतानाच शेन्ली ह्या दारू कंपनीने मान्यता दिली. पंढरीच्या वारीसारखंच, पुढे देवीची तसबीर आणि पायाला फोड. चावेझचा पंचवीस दिवसांचा उपास १९६८ चा, तो सुटताना रॉबर्ट केनेडी आले होते, तो फोटो सगळीकडे आहे.

हॉलमधून आम्ही गार्सेस हायवेवरच्या फोर्टी एकर्सला, म्हणजे युनियनच्या जुन्या मुख्यालयाला गेलो. विटा-मातीची पांढरी इमारत, जुना पेट्रोल पंप, आणि ज्या हॉलमधे २९ जुलै १९७० ला डेलेनोच्या बागायतदारांनी करारावर सह्या केल्या तो. तासाला एक डॉलर ऐंशी सेंट आणि पेटीमागे वीस, शिवाय औषधोपचाराचा फंड. त्या वर्षी युनियनच्या काळ्या गरुडाचा शिक्का असलेली पेटी जास्त भावाने जात होती. निर्यातीला लागणाऱ्या ग्लोबलगॅपच्या स्टिकरसाठी आम्ही जेवढे हेलपाटे घालतो ते आठवलं. हे खरं मार्केटिंग.

आवाराच्या एका बाजूला अग्बायानी व्हिलेज. खरं तर हेच बघायला जावं. पावलो अग्बायानी हा फिलिपिनो म्हातारा १९६७ मधे संपाच्या गेटवर उभा असतानाच हृदयविकाराने गेला, त्याचं नाव. ज्या मनाँगना कॅम्पमधून काढलं त्यांच्यासाठी देशभरातून आलेल्या स्वयंसेवकांनी हे बांधलं आणि १९७४ मधे उघडलं. लाल कौलं, मधे अंगण, ओळीने खोल्या. खिडकीतून मी आत बघितलं, एक पलंग, एक कपाट मावेल एवढी खोली. पण तिला आतून कडी होती. आमच्याकडे टोळी आली की तिला पॅकिंग शेडच्या मागचा पत्रा देतो, कडी वगैरे विषयच नाही.

एवढं सगळं बघून मी भारावून गेलो असं भावाला वाटलं. तसं नाही. जिंकल्यावर काय झालं तेही आजींनी सांगितलं, आणि ते मला जास्त ओळखीचं वाटलं. करारानंतर मजूर पाठवायचं काम युनियनच्या कचेरीतून सुरू झालं, त्यात वर्षानुवर्षं एकत्र काम करणाऱ्या फिलिपिनो टोळ्या फुटल्या, कुणाला इकडे, कुणाला तिकडे. इटलिओंग १९७१ मधे युनियन सोडून गेला. १९७३ मधे करार संपले तर बागायतदारांनी टीमस्टर्स ह्या ट्रकवाल्यांच्या युनियनशी संधान बांधलं, पुन्हा संप, त्यात नागी दैफुल्ला नावाचा येमेनी तरुण शेरीफच्या माणसाने डोक्यात टॉर्च मारल्याने गेला आणि हुआन दे ला क्रूझ गोळी लागून. कॅलिफोर्नियात शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा कायदा १९७५ चा. आणि १९७७ मधे चावेझ मार्कोसच्या निमंत्रणावरून फिलिपिन्सला जाऊन आला, हुकूमशहाचं कौतुक करून, तेव्हा व्हेरा क्रूझनेही युनियन सोडली. आजी हे सांगताना पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. त्याच वर्षी इटलिओंग डेलेनोतच वारला.

कुणी जाणार असाल तर रविवारी जाऊ नका, काही बघायला उघडं नसतं असं आम्हाला सांगण्यात आलं, आणि जेवायचं बेकर्सफिल्डला ठेवू नका, आम्ही हायवेवर जे खाल्लं त्याला बुरिटो म्हणणं हा बुरिटोचा अपमान. कीनला चावेझची समाधी आहे तिकडे भाऊ वळायला तयार झाला नाही, वहिनी म्हणाल्या पोरं कंटाळलीत.

लॉस एंजेलिसचे दोन दिवस गर्दी आणि पार्किंग. रात्री भाजी आणायला सुपरमार्केटात गेलो तर हिरव्या द्राक्षांची पिशवी, मागे बारीक अक्षरात डेलेनो. घेतली. मणी आपल्यापेक्षा मोठा, साल जाड, गोडी कमी, आणि भाव असा की आमच्या मुकादमाला कळला तर पुढच्या छाटणीला तो एकरी दर तिथूनच सुरू करेल.