साखळी लावण्याआधी एक फेरा हातानं

वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर चालू करायची आमच्याकडची रीत ठरलेली आहे. शेजारचा ट्रॅक्टर आणायचा, साखळी लावायची, वरचा गिअर टाकायचा, थोडं ओढलं की क्लच सोडायचा. मागची चाकं फिरली की इंजिनाला फिरावंच लागतं. पुष्कळदा ते चालूही होतं. आणि काही वेळा त्याच फेऱ्यात कायमचं संपतं.

आयटीआयत डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवत होतो तेव्हा माझ्या टेबलावर एक वाकलेला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, असायचा. नवीन बॅच आली की तो आधी मुलांच्या हातात द्यायचो. कशानं वाकला असेल? कुणी म्हणायचं लोड जास्त झाला, कुणी म्हणायचं ऑइल संपलं. पाण्यानं वाकला म्हटल्यावर मुलं एकमेकांकडे बघायची. मग फळ्यावर हिशेब मांडायचा. मॅसी १०३५ ट्रॅक्टरचं तीन सिलिंडरचं इंजिन सुमारे २५०० सीसीचं. म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालून वर येतो तेव्हा सव्वाआठशे सीसीच्या आसपास हवा दाबतो, आणि ती हवा मावायला वर जागा उरते पन्नासेक सीसी. टपरीवरच्या कटिंग चहाएवढी. हवा दबते, पाणी दबत नाही. सायलेन्सरमधून तेवढं पाणी आत गेलेलं असेल, हवा घेणारा आणि धूर सोडणारा (एक्झॉस्ट) असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील आणि साखळीनं ओढत असतील, तर पिस्टन वर जाऊ शकत नाही, क्रँक थांबू शकत नाही. मधला रॉड वाकतो.

हे सगळं लिहायला बसलो ते मावशीच्या ट्रॅक्टरमुळं. आजऱ्याजवळ तिचं घर. काकांनी उसाच्या बिलावर हप्ते फेडून ही १०३५ घेतली होती, आणि एक साल बिल लांबलं तेव्हा मावशीनं दुधाच्या पैशातून हप्ता भरला होता. काका गेले, पोरगं पुण्याला नोकरीला, ट्रॅक्टर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा राहिला. आजऱ्याचा पाऊस काय असतो ते घनसाळ भात पिकवणाऱ्यांना सांगायला नको. सायलेन्सरवर पालथं घातलेलं डबडं कधीतरी वाऱ्यानं उडालं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

"भंगारवाला येऊन गेला रे," मावशी म्हणाली. "वजनावर मागत होता. मी नाही म्हणून सांगितलं. तू एकदा बघ, मग काय ते ठरवू."

तिचा नातू म्हणजे माझा पुतण्या साखळी घेऊनच उभा होता. "काका, ओढून बघूया की. पाच मिनिटांचं काम."

त्याला म्हटलं, लेका, पाच मिनिटांचं काम नंतर. आधी हातानं फिरतंय का बघू.

बॅटरीची वायर काढली, गिअर न्यूट्रलला आहे ना ते पाहिलं. इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटावर सॉकेट लावून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं जरा वजन दिलं. ढिम्म. तिथंच थांबलो, कारण एवढं कळलं की पुढचं सगळं काम उघडून बघण्याचं आहे.

चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट पूर्ण काढायचा नाही, एकेक आटा ढिला करायचा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि आधी बाहेर येतं. इथं थोडं गढूळ पाणी आलं, मग काळं ऑइल. ताक घुसळल्यासारखं पांढरं काही नव्हतं, तेव्हा बरं वाटलं. एअर क्लीनर उघडला तर उंदरांनी गवत भरून ठेवलेलं. सायलेन्सर उतरवला, मॅनिफोल्डमधून गंजाचं पाणी ओघळलं. मग व्हॉल्व्हवरचं टॅपेट कव्हर काढलं, आणि तिथं उत्तर जवळजवळ लिहूनच ठेवलेलं होतं: दोन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा. पाणी त्याच दारानं गेलेलं असणार.

डिझेल फवारणारी नोझल काढताना घाई नको. ती हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, कार्बननं धरून बसतात. डिझेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी हलवत हलवत वर घ्यायचं. पाइपांची आणि पंपाची उघडी तोंडं लगेच स्वच्छ प्लॅस्टिकनं बांधायची, कारण पंपाच्या आतले भाग इतके अचूक घासलेले असतात की धुळीचा एक कणही त्यांना पुरतो. नोझलखालचा तांब्याचा वॉशर भोकातच चिकटून राहिला नाही ना, हेही बॅटरी मारून पाहावं.

मग डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं तेल निम्मं निम्मं करून तिन्ही भोकांत ओतलं. पूर्वी रॉकेल वापरायचो, ते आता सहज मिळत नाही. दुसऱ्या दिवशी वाकवलेली तार आत सोडून पातळी पाहिली. एक आणि तीन नंबरचं तेल बरंच खाली झिरपलेलं. दोन नंबरचं होतं तिथंच. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरची नळी) यांच्यामध्ये गंज भरून बसलाय याचा याहून चांगला पुरावा नाही.

इंजिन फिरवायच्या आधी व्हॉल्व्ह मोकळे असले पाहिजेत, हे फार लोक विसरतात. वर येणारा पिस्टन उघड्या अडकलेल्या व्हॉल्व्हवर आदळला की व्हॉल्व्ह वाकतो, कधी त्याला हलवणारा पुशरॉडही. म्हणून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट उतरवला, प्रत्येक व्हॉल्व्ह लाकडी मोगरीनं हलकेच दाबून स्प्रिंग त्याला परत वर आणते का ते तपासलं. पाच आले. दोन नंबरचा एक्झॉस्ट खालीच राहिला. त्याच्या दांड्याला डिझेल पाजत, ठोकत, फिरवत तो मोकळा करण्यात अख्खी दुपार गेली. पुतण्यानंच केला. त्याच्या बोटांना या कामाची समज आहे, हे मला तिथं दिसलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेल घालायचं आणि पान्यावर हात ठेवायचा. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही, या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. लांब पाइपनं नट तुटेल, रिंग तुटेल, आणि हाताला काहीच कळणार नाही. पुलीवर आणि ब्लॉकवर समोरासमोर खडूची रेघ मारली होती. एके संध्याकाळी त्या रेघा एकमेकींपासून जराशा सरकलेल्या दिसल्या. तेवढंच मागं, परत पुढं, परत मागं. गंज असेल तर हाताला सलग करकर लागते आणि प्रत्येक वेळी थोडं अंतर वाढतं. एकाच जागी दोन्ही बाजूंनी खट्कन थांबत असेल, तर ते लोखंडाला लोखंड लागलेलं असतं, तिथं जोर न करता उघडून बघायचं. आमचं करकरत होतं. भोकांवर फडकं टाकलं, कारण आतून तांबडं-काळं तेल उडतं. पहिला फेरा पूर्ण झाला तेव्हा मावशी चुलीवरचं सोडून बाहेर आली होती.

चार-स्ट्रोकच्या इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत होतं, तेव्हा एका फेऱ्यावर खूश होऊ नये. रॉकर परत बसवून पुढं फिरवत राहिलो, तसं ते हलकं होत गेलं. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, त्याच हातानं लावले: ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी झुलतात तिथून बरोबर एक फेरा पुढं न्यायचं आणि त्या सिलिंडरचं गेज लावायचं. थंड इंजिनाला १२ थाउ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश. नोझलच्या भोकावर अंगठा ठेवून पुतण्याला फिरवायला सांगितलं. एक आणि तीन नंबरनं अंगठा झटकून दिला, दोन नंबरनं नुसता ढकलला.

हे डिझाइन मुळात इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या पर्किन्सचं. मॅसी फर्ग्युसननं १९५९ मध्ये पर्किन्स विकत घेतली, इकडं मद्रासला १९६० मध्ये टॅफे सुरू झाली, आणि टॅफेच्या ट्रॅक्टरांना हे इंजिन मद्रासच्याच सिम्पसननं बनवून दिलं. इतकी वर्षं जवळजवळ तेच इंजिन चालू राहिल्यामुळं आज गडहिंग्लजच्या दुकानात रिंगा, वॉशर, पॅकिंग मागताक्षणी काउंटरवर येतं. म्हणूनही मला ही इंजिनं भंगारात गेलेली बघवत नाहीत.

डिझेल झिरपून पातळ झालेलं सगळं ऑइल काढून नवं भरलं. नोझल बाहेर ठेवूनच सेल मारला, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. मग नोझल तपासून आणून बसवली. डिझेलच्या पाइपांतली हवा काढताना हातपंपाची लिव्हर पोकळ लागायला लागली, तेव्हा पुतण्या पंप खराब म्हणून तो उतरवायला निघाला. पंपाचा कॅम वर थांबला असला की असं होतं. इंजिन हातानं एक फेरा फिरवलं, लिव्हरला जोर आला.

सेल मारताना एअर क्लीनरचा पाइप काढून पुतण्याला फळी घेऊन उभं केलं. खूप दिवस उभ्या असलेल्या पंपात डिझेलचा व्हॉल्व्ह अडकून इंजिन सुसाट सुटू शकतं, मग हवा बंद करणं हा खात्रीचा उपाय. फळी लागली नाही. आधी दोन सिलिंडरवर फडफडलं, पांढरा धूर गोठाभर झाला, म्हशीनं दावं ताणलं, मग तिसरंही लागलं.

दोन नंबर अजून ऑइल खातो. भात घरात आलं की हेड आणि चेंबर उतरवायचा, लायनर कोल्हापूरला उद्यमनगरात दाखवायचा. रिंगांचा सेट मावशीनं आत्ताच आणून फडताळात ठेवलाय.