आडनावांच्या रांगेत

फादरांच्या शाळेत शिकलेल्या माणसाला नुसत्या आडनावाने हाक मारा, पन्नाशीतही तो झटकन उभा राहायला बघतो. घरी तो बाळू, ऑफिसात देशमुख साहेब. 'देशमुख!' एवढंच म्हणणारे फक्त वर्गातले. हजेरीपट इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने आणि जूनमध्ये बसवायचंही त्याच क्रमाने, म्हणून पाटील, पवार, परेरा, पिंगळे, पिंटो एका पट्ट्यात यायचे. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये, रेल्वेत नाहीतर एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. पोरांची दोस्ती जमली ती 'पी' या अक्षरावर. कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला परेरा-पिंटो उठून जायचे आणि उरलेल्यांना मॉरल सायन्स, तेवढाच काय तो दुरावा. आहेर आणि वाघ यांची खरी ओळख मात्र कित्येकदा पंचवीस वर्षांनी, बॅचच्या गेट-टुगेदरलाच होते.

हे गेट-टुगेदर पहिल्यांदा अडतं तारखेवर. परदेशातले डिसेंबरअखेर येतात. २४-२५ला परेरा मोकळा नसतो, फादर तर नाहीतच, आणि ३१च्या रात्री पुन्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना. उरतात २७ ते २९. रविवार आला तर सकाळची मिस्सा आटोपेपर्यंत शाळेच्या आवारात गर्दी करू नये. तोवर मिसळ खाऊन घ्यावी. पिंपळगावकडचा द्राक्षवाला येईलच असं धरू नये. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेत तेव्हा मणी फुगत असतात. आदल्या रात्री धुकं पडलं तर तो सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर सोडून येणार नाही. त्यावर रुसण्यात अर्थ नाही.

फादरांना शोधणं वेगळंच काम. त्यांची बदली होते, आणि निवृत्त झाले तरी ते गावी जातातच असं नाही. येशूसंघाचे (जेझुइट) असतील तर संघाच्या प्रांतप्रमुखांच्या (प्रोव्हिन्शियल) कार्यालयात विचारावं, धर्मप्रांताचे असतील तर बिशप हाऊसला. नाशिकचा धर्मप्रांत पुण्यापासून १९८७ साली वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या फादरांचा माग पुण्यातही काढावा लागतो.

यादी मात्र दहावीच्या फोटोवरून करू नये. शंभर टक्के निकालाच्या हौसेपायी नववीत गाळलेली मुलं त्या फोटोत नसतात, आणि मग निमंत्रणातही नसतात. एकदा शाळेने गाळलं, पुन्हा मित्रांनी. आठवीचा फोटो घ्यावा. खाली 'एस. पाटील' दोनदा छापलेलं असेल तर रांग आणि डावीकडून कितवा, हे बघूनच फोन करावा. नाहीतर भलताच सुनील येतो. (तोही आनंदाने जेवून जातो, तो भाग निराळा.)

कार्यक्रम बिघडतो तो ओळखीत. चाळीस जण, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दोन तास गेले. शिवाय रोल नंबर एकने हुद्दा, फ्लॅट आणि मुलाचं पॅकेज सांगितलं की सगळे तोच साचा उचलतात, आणि अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यातून पन्नाशीतच बाहेर पडावं लागलेला चहा बघायला म्हणून उठून जातो. म्हणून हजेरी उलटी घ्यावी, झोपे-वाघांपासून. प्रश्न एकच ठेवावा : दहावीचा निकाल लागल्यावर पुढच्या जूनमध्ये कुठे होतास? आयटीआय, आरवायके कॉलेज, काकांचं किराणा दुकान, पुन्हा ऑक्टोबरची परीक्षा. तिथून पुढचं माणूस आपणहून सांगतो, निम्मं सांगतो आणि थांबतो. थांबला की पुढचा नंबर पुकारावा. गेलेल्यांची नावंही त्याच क्रमात घ्यावीत. वेगळी यादी करून शेवटी वाचली की सभेतल्या शोकप्रस्तावासारखं होतं.

शेवटी जुना फोटो समोर धरून तसाच नवा काढतात. इथे हमखास घोळ होतो. पुढे मांडी घालून बसलेला बुटका अकरावीत सहा फूट झालेला असतो, तरी जागा बदलू देऊ नये. फक्त गुडघ्यांचं बघावं. खाली बसलेले निम्मे उठताना हात मागतात, तेव्हा पुढच्या रांगेसाठी दोन बाकं शिपायाला आधीच सांगून ठेवावीत.