अर्थ घरी होता

आपल्या बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, रविवारच्या हिब्रू शाळेला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप आला. गोड आठवणी लिहिणे सोपे होते. पण त्या बाकावर मी सात वर्षे काढली आणि त्यांतले कितीतरी रविवार डोळ्यांतले पाणी आवरत काढले. ते वगळून लिहिणे मला जमणार नाही. शाळेवर जीव आहे, म्हणूनच लिहिते आहे.

मशिदीच्या मागची ती खोली. आपल्या प्रार्थनास्थळाला, सिनेगॉगला, आपण मशीदच म्हणतो. आठवडाभर आम्ही मराठी शाळेत बालभारती वाचायचो आणि रविवारी सकाळी इथे. प्रार्थनेच्या पुस्तकात एका पानावर हिब्रू, समोरच्या पानावर इंग्रजी. आम्हाला दोन्ही कळत नव्हते. सर अक्षराखालच्या स्वरांच्या खुणांवर पट्टी टेकवायचे आणि आम्ही एका सुरात म्हणायचो. कामात्स म्हणजे आ. पाताख म्हणजे आ. एकदा मी विचारले, "सर, दोन्हींचा उच्चार आ, मग खुणा दोन कशाला?" सर म्हणाले, "प्रश्न नको. वाच." या प्रश्नाचे उत्तर मला चाळिशीनंतर मिळाले. पूर्वी हे दोन वेगळे स्वर होते आणि येमेनच्या व पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या तोंडी ते आजही वेगळे आहेत. आपण जो उच्चार शिकलो त्यात ते एक झाले. एवढे सांगायला अर्धे मिनिट लागले असते. त्या अर्ध्या मिनिटाने मी हिब्रूच्या प्रेमात पडले असते.

पेसाहच्या, म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, आधी 'मा निश्तना' या हिब्रू ओळी पाठ करायच्या असायच्या. नऊ वर्षांची होते, वर्गात सगळ्यांत आधी मीच पाठ केले. सेदरच्या, म्हणजे त्या सणाच्या जेवणाच्या, रात्री घरातले धाकटे मूल म्हणून मी ते न अडखळता, धडाधडा म्हटले. सगळ्यांनी कौतुक केले. आजी मात्र उठली. तिने ट्रंकेतून जुनी हगादा, म्हणजे त्या रात्री वाचायचे पुस्तक, काढली, तिच्यात हिब्रूसोबत मराठी होते. तिने बोट ठेवून सावकाश वाचले, "ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का?" आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाय, तू विचारलंस ना? मग आता आम्ही सांगायचं." मी काहीतरी विचारत होते हे मला तेव्हा कळले. तोवर त्या ओळी माझ्यासाठी नुसते आवाज होते.

पुढच्या रविवारी मी ते पुस्तक आनंदाने वर्गात नेले. ते कपाटावर ठेवले गेले. हिब्रू शिकायचे तर मराठीची कुबडी नको, असे मला सांगण्यात आले. वर्ष संपल्यावर ते परत मिळाले. आजीने काही विचारले नाही, फडक्याने धूळ पुसून ते ट्रंकेत ठेवले.

याहून जास्त लागले ते मलिद्याचे. घरात काही चांगले झाले की आमच्याकडे एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाचा, मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, साखर, ओले खोबरे, वेलची, भोवती फळे मांडलेली. दादाला नोकरी लागली तेव्हाही झाला. मी वर्गात हे उत्साहाने सांगितले, तर उत्तर आले की हे धर्मात कुठेही लिहिलेले नाही, इथल्या लोकांचे पाहून उचललेले आहे. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्यानंतरच्या मलिद्याला मी ताटाला हात लावला नाही. आजी रागावली नाही. तिने माझा वाटा झाकून ठेवला. तो मी खाल्ला नाही, हे आज लिहितानाही घशाशी येते.

दारफाळणीचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा ही आमच्या घरातली नावे. वर्गात दारफाळणीला योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणायचे आणि अशी घरची नावे विसरायची. ज्या माणसांनी कोकणात तेलाचे घाणे चालवताना शतकानुशतके शनिवारी घाणा बंद ठेवला, ज्यांना गाव शनवार तेली म्हणत असे, ज्यांच्याकडे पोथी नव्हती तरी 'शेमा इस्रायल' ही एका देवाची प्रार्थना तोंडी उरली होती, त्यांच्याबद्दल सात वर्षांत एकही धडा झाला नाही. आपले पूर्वज जिथे किनाऱ्याला लागले असे मानतात, त्या नवगावचे नावसुद्धा मी आजीकडून ऐकले.

मुलींचे तर आणखी वेगळे. मुलगे तेराव्या वर्षी मशिदीत धर्मग्रंथ वाचण्याच्या तयारीला लागले की सर त्यांना शेजारी बसवून एकेक ओळ सुरात बसवून घ्यायचे. आम्हाला वहीत मेणबत्त्यांचे चित्र. ऐकून ऐकून माझ्या आतेभावाचा सगळा पाठ मला येत होता. त्या शब्बाथला, शनिवारच्या प्रार्थनेत, तो मध्येच अडखळला. वर बायकांच्या सज्जात पुढची ओळ माझ्या ओठांवर होती.

सरांवर माझा राग होता. तो आता उरलेला नाही, कारण पुढे वाचनात काही गोष्टी आल्या. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने बेने इस्रायल माणसांच्या लग्नाआधी त्यांचे पूर्वज तपासावेत असे फर्मान काढले. आपल्या लोकांनी तिथे आंदोलन केले, तेव्हा १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव केला. आमचा वर्ग त्यानंतर दहा-बारा वर्षांत भरू लागला. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण तिकडे निघालेली होती. आपल्या मुलांकडे पुन्हा कुणी बोट दाखवू नये, ही धास्ती त्या शिस्तीमागे होती असे मला वाटते. धास्ती खरी होती. पण तिच्यापायी त्यांनी आमच्या आजीलाच वर्गाबाहेर ठेवले, हे चूकच होते असे मी आजही म्हणेन.

आणि मराठीतून हे सगळे शिकवता येत नव्हते, असे तर मुळीच नाही. हिब्रूचे मराठीतले व्याकरण १८३२ मध्ये मुंबईत छापले गेले. ते मिशनरी जॉन विल्सन यांनी धर्मांतराच्या आशेने लिहिले, आपल्या लोकांनी त्यातून हिब्रू घेतली आणि ते यहुदीच राहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. १८८० च्या सुमारास आपल्याकडे मोशे आणि योसेफ यांच्या कथांची कीर्तने होऊ लागली. १८७४ मध्ये पुण्यात मराठी अर्थासह हगादा निघाली, तिच्यातल्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका बसून मात्सा, म्हणजे पेसाहची बिनखमिराची भाकरी, करताना दिसतात. ते चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खूप वेळ पान उलटले नाही. नऊ वर्षांची असताना ते मला कुणी दाखवायला हवे होते.

आजीची हगादा मी या महोत्सवात शाळेला देत आहे. ती १८७४ ची नाही, नंतरची साधी आवृत्ती आहे. पुठ्ठा सुटला आहे, काही पानांवर मनुकांच्या सरबताचे डाग आहेत. ती कपाटात ठेवू नये, मुलांच्या हातात द्यावी. फाटली तरी चालेल. 'मा निश्तना'च्या पानात मी लाल दोरा घातला आहे.