पासपोर्टातला शिक्का आणि पोलंडमधला नाताळ

पोलंडमध्ये राहत असाल, पासपोर्टात निवास परवान्याच्या अर्जाचा नुसता शिक्का असेल आणि परवान्याचं कार्ड अजून हातात पडलं नसेल, तर डिसेंबरचं भारताचं तिकीट काढू नका. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. 2024 मध्ये, व्हिसा संपण्याआधी निवास परवान्याचा अर्ज केला की पासपोर्टात शिक्का मिळायचा. निर्णय लागेपर्यंत तुमचं पोलंडमधलं राहणं त्यामुळे कायदेशीर ठरतं. पण त्या शिक्क्यावर जर्मनीत किंवा चेक देशात जाता येत नाही. आणि भारतात गेलात, तर परत यायला नवा व्हिसा लागतो. म्हणजे दार फक्त बाहेर जाण्यापुरतं उघडतं.

माझा व्हिसा 2024 च्या नोव्हेंबरात संपत होता. धाकट्या भावाचा साखरपुडा डिसेंबरात कोल्हापुरात ठरला होता. अर्ज मी वेळेत टाकला होता. 440 झ्वोती (पोलंडचं चलन) फी, कार्डाचे वेगळे 100 झ्वोती, फोटो, घरभाड्याचा करार, विम्याचा कागद आणि कंपनीने भरून दिलेली अर्जाची पुरवणी, सगळं रजिस्टर पोस्टाने गेलं. पोस्टाची पावती मी जपून ठेवली, तेव्हा पोस्टात टाकल्याची तारीख हीच अर्जाची तारीख धरत.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग पत्रपेटीत अविझो आलं. पोस्टमनला तुम्ही घरी सापडला नाहीत की तो ही चिठ्ठी टाकून जातो आणि पत्र पोस्टातून आणावं लागतं. 14 दिवसांत आणलं नाही, तर पत्र तुम्हाला मिळालं असंच कायदा धरतो. त्यामुळे गावाला जाताना पत्रपेटीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. पत्रात लिहिलं होतं की कंपनीची पुरवणी जोडलेली नाही, सात दिवसांत द्या. जोडलेली होती. माझ्याकडे तिची प्रत होती. एचआरने बिचाऱ्यांनी पुन्हा भरून दिली आणि मी पुन्हा पाठवली. त्यानंतर पुन्हा अविझो, पुन्हा पोस्टातली रांग आणि पुन्हा तेच पत्र: पुरवणी जोडलेली नाही.

त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. परवान्याच्या कार्यालयात फोन लावला की वाजत राहायचा आणि बंद व्हायचा. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी, तर सकाळी तारखा उघडायच्या आणि मी नाव लिहीपर्यंत संपायच्या. कार्यालयात पोचले, की खिडकीतल्या बाई पोलिशमधून एकच वाक्य बोलून पुढच्याला बोलवायच्या. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका युक्रेनी आजींनी मला त्यांच्या थर्मासमधला चहा दिला. त्या माझ्याहून जास्त दिवस येत होत्या. परक्या माणसाला त्याच्या कागदाचं काय झालं एवढं दोन वाक्यांत सांगायला किती वेळ लागतो? माझा राग वाट पाहायला लावली म्हणून नाही. वाट पाहणं मला जमतं. मी खोटी ठरत होते आणि खरं दाखवायला कुठे जायचं हेच कुणी सांगत नव्हतं, याचा तो राग आहे.

ते सांगितलं ऑफिसातल्या मैत्रिणीने. तोवर आमची ओळख कॉफीच्या मशीनपुरतीच होती. दुपारी मी पत्र उघडून बसलेली तिने पाहिलं, ते वाचलं आणि म्हणाली, ‘तुझी फाइल बघायचा तुला हक्क आहे, आपण तो मागू.’ हे लक्षात ठेवा: अर्जदाराला स्वतःची फाइल पाहता येते. तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी बोलायचं असेल, तर अधिकारपत्र लिहून द्यावं लागतं आणि त्याचे 17 झ्वोती भरावे लागतात. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. फाइल समोर आली. तिने एकेक पान उलटलं आणि घरभाड्याच्या करारामागे पुरवणी निघाली. पहिली, आणि तिच्यामागे दुसरीही. दोन्हींवर त्याच कार्यालयाचा आवकचा शिक्का. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत. बोटांचे ठसे घेतले, पासपोर्टात शिक्का मारला आणि निर्णय कळवू म्हणाल्या.

साखरपुडा मी व्हिडिओवर पाहिला. आई रडली, मीही रडले.

फाइल पाहून परतताना ट्राममध्ये मैत्रीण म्हणाली होती, ‘विगिलियाला आमच्या घरी ये. एक ताट आमच्याकडे जास्तीचं मांडलेलंच असतं.’ विगिलिया म्हणजे 24 तारखेची संध्याकाळ. पोलंडमध्ये नाताळचं खरं जेवण तेच. अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक जागा रिकामी ठेवायची तिथे रीतच आहे. तिच्या आईने मात्र त्या जागेवर मला बसू दिलं नाही. माझ्यासाठी वेगळं ताट होतं, रिकामी जागा रिकामीच राहिली.

24, 25 आणि 26 ला दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी 23 पर्यंत उरका. 2024 मध्ये 24 ला ऑफिस होतं आणि दुकानंही दुपारी दोनपर्यंत उघडी होती, 2025 पासून त्या दिवशी सुट्टी झाली आहे. फुलं नेणार असाल तर विषम संख्येत न्या, सम संख्येची फुलं अंत्यविधीला नेतात. दारातच बूट काढा, घरात घालायला सपाता मिळतात. मी शेंगदाण्याचे लाडू केले होते, येताना आणलेल्या कोल्हापुरी गुळातले. त्या जेवणात मांस नसतं, पण मासे असतात. मी मासे खात नाही हे मैत्रिणीला आधीच सांगितलं होतं, म्हणून कार्प आणि हेरिंग माझ्यापासून लांब ठेवले होते. तरीही पोट भरून उरेल इतकं होतं. बार्श्च, म्हणजे बिटाचं आंबट सूप, त्यात आळंबी भरलेले करंजीसारखे इवलेसे उश्का, कोबी आणि आळंबी भरलेले पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, सुक्या फळांचं पेय, आणि माकोव्येत्स, म्हणजे खसखशीचा केक. त्यांची खसखस निळसर काळी असते. बारा पदार्थ करायची पद्धत आहे आणि प्रत्येकाची चव तरी घ्यायचीच.

जेवण आकाशात पहिला तारा दिसल्यावर सुरू होतं. ढग होते, तरी तिचा भाचा खिडकीला नाक लावून उभा होता. आधी ओप्वातेक, म्हणजे पापडाहून पातळ पांढरी वडी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वडीचा तुकडा मोडायचा, खायचा आणि त्याला त्याच्यापुरती शुभेच्छा द्यायची. या वेळी गप्प राहू नका, एकच वाक्य का होईना, तयार ठेवा. मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्या वडीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, ‘तुझं कार्ड लवकर येवो.’ मग त्यांनी विचारलं, ‘कोल्हापूर म्हणजे वळिवडेवालं ना?’ त्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकाला गेले होते, ती बातमी त्यांनी पाहिली होती. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. छावणीची जागा मी पाहिली आहे म्हटल्यावर तिच्या आजीने खुर्ची माझ्याजवळ ओढली. कोल्हापूरला उन्हाळ्यात किती ऊन असतं, तिथे पाणी कसं आहे, त्या मुलांना थंडी तर वाजली नसेल ना, असं त्या विचारत राहिल्या. मी येईल तेवढ्या पोलिशमध्ये उत्तरं दिली, बाकीची मैत्रिणीने पुरी केली. लाडू आजींनी दोन खाल्ले आणि एक रुमालात बांधून ठेवला.

मध्यरात्रीच्या पास्तेरकाला, म्हणजे मिस्सेला, जाणार असाल तर जाड मोजे घाला. चर्च भरलं की मागच्यांना बाहेर बर्फातच उभं राहावं लागतं. परतीच्या गाडीचं आरक्षण आधीच करा, सणात गाड्या कमी असतात.

कार्ड वसंतात आलं. उशिराबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. पुढच्या डिसेंबरात मी कोल्हापूरला गेले, पण तिकीट 27 चं काढलं. विगिलियाला बार्श्चसाठी बिटं किसायचं काम आता माझ्याकडे आहे.