रांगेत कितवा

सोमवार, रात्र

दोन्ही ऑफर लेटरं आली. एक मोठ्या कंपनीचं: एअरबस ए320, म्हणजे आज को-पायलट म्हणून उडवतोय तेच विमान, बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर) दिल्ली. दुसरं त्यामानाने नव्या कंपनीचं: बोईंग 737 मॅक्स, बेस मुंबई, आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून ड्युटी तिकडूनही लागू शकते. मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावरून उलव्याला पोचणं पहाटे तीनला काहीच नाही. संध्याकाळी सहाला मात्र देवच वाली.

जेवणं झाल्यावर बाबांनी दोन्ही पत्रं ताब्यात घेतली. बँकेत जन्मभर कर्जाची प्रकरणं तपासलेला माणूस. लाल पेन्सिल घेऊन बसले आणि ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ अशा अर्थाचं वाक्य दिसेल तिथे रेघ ओढत गेले. बेसखाली रेघ, रोस्टरखाली रेघ, कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी मिळणार त्या परिच्छेदाखाली दोन रेघा. पगाराखाली एकही नाही. “हा आकडा ते देतील. बाकी सगळं हवेत आहे,” म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन स्वतःच हसले.

आकड्यातही गोम आहेच. आमचा पगार दोन तुकड्यांत येतो. ठरावीक तासांचे पैसे हमखास, उडा नाहीतर घरी बसा. त्यापुढे जेवढं उडाल त्या तासांचे वेगळे. ही हमी किती तासांची, यावर सगळी मेख. एअर इंडियात विलीन होण्याआधी विस्तारा या विमान कंपनीच्या पायलटांपुढे नवा करार ठेवला, त्यात 70 तासांची हमी 40 वर आली होती. नाराजी अशी पेटली की एप्रिल 2024 मध्ये पायलट कमी पडून कंपनीला रोजची उड्डाणंच कमी करावी लागली. माझ्या दोन पत्रांत मोठ्या कंपनीचा एकूण आकडा जास्त आणि हमी कमी, नव्या कंपनीचं उलटं. डीजीसीएच्या, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाने वर्षाला 1000 तासांच्या वर उडता येत नाही, म्हणजे जास्त उडून जास्त कमवायलाही छप्पर आहेच. कॅल्क्युलेटर घेऊन बसलो तर फरक एवढासा उरतो.

“मग अडलंय कुठे?” बाबा.

कमांडवर.

बुधवार

आज डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, सीटवर जे होते ते पूर्वी जेट एअरवेजचे. नाश्ता आला तेव्हा विषय काढला. (एअरबसमध्ये समोर स्टिक नसते, ती बाजूला, समोरून छोटं टेबल ओढून नीट पान मांडल्यासारखं जेवता येतं. बोईंगवर समोर कॉलम, आणि ट्रे मांडीवर. नोकरी निवडताना हा मुद्दा नसावा हे कळतं, पण उपमा मांडीवर सांडल्यावर माणसाचं मत बदलू शकतं.)

सरांना वाटलं होतं मी पगाराबद्दल विचारणार. मी सीनियॉरिटीबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. जेट 17 एप्रिल 2019 ला थांबली. त्यानंतर जो जिथे गेला तिथे तळाशी लागला. आमच्या धंद्यात सीनियॉरिटी म्हणजे कंपनीत रुजू झाल्याची तारीख. त्या एका तारखेवर बेस, दिवाळीची रजा, मोठ्या विमानावर जाण्याचा नंबर, सगळं ठरतं. कंपनी सोडली की तो नंबर तिथेच राहतो. “बरोबर काय येतं सांगू? लॉगबुक. आणि त्यातही डाव्या सीटचे तास. माझ्याकडे ते होते म्हणून मला परत डावीकडे बसवलं. माझ्यासोबतचे को-पायलट होते ना, त्यांचे हाल विचारू नकोस.”

नंतर ते रेडिओवर बोलायला लागले आणि मी उरलेला उपमा संपवला. मुंबईत उतरताना नेहमीप्रमाणे होल्डिंग मिळालं. दोन रनवे आहेत, पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळे काम एकाच्याच हिशेबाने चालतं. घिरट्या घालताना डोक्यात तेच: डावीकडे लवकर कोण बसवेल?

गुरुवार

नव्या कंपनीच्या एचआरमधल्या बाई फोनवर खूप गोड बोलल्या. पायलट कमी, तुमच्या पुढे माणसं कमी, कमांड लवकर. लेखी देता का विचारलं तर, “तसं कोणीच देत नाही, सर.” खरं आहे ते. मोठ्या कंपनीनेही दिलेलं नाही.

मग स्वतःच हिशेब मांडला. कमांड माझ्या हुशारीवर नाही, विमानांवर आहे. नवं विमान आलं की त्याला ढोबळमानाने दहा-बारा पायलट लागतात, त्यातले निम्मे कॅप्टन. विमान नाही आलं की रांग जागच्या जागी. 5 जानेवारी 2024 ला अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स 9 चं दार बसवायच्या जागेचं झाकण हवेत निखळलं, आणि त्यानंतर अमेरिकेच्या एफएए या नियामकाने 737 चं उत्पादन महिन्याला 38 वर रोखून धरलं. पुढे ती मर्यादा 42 झाली, पण मधल्या काळात ज्यांनी पायलट आधी भरती करून ठेवले होते त्यांची गोची झाली. एअरबसवाल्यांचंही सगळं आलबेल नाही. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या दोषापायी कितीतरी ए320निओ उभी राहिली. तरी फरक आहे. मोठ्या कंपनीत दर महिन्याला विमानं येतायत, वरचे कॅप्टन मोठ्या विमानांवर चाललेत, काही आखातात चाललेत. जागा रिकाम्या होतायत.

मुलुंड स्टेशनच्या तिकीट खिडकीवर लहान रांग बघून उभं राहावं आणि आतला माणूस चहाला जावा, हे मुंबईकराला सांगायला नको. मला लांब पण सरकणारी रांग हवी.

शिवाय बोईंगवर गेलो तर टाइप रेटिंग (त्या विमानाचा वेगळा परवाना) पुन्हा: सिम्युलेटर, मग बेस ट्रेनिंग, मग लाइन ट्रेनिंग. तेवढे महिने नेहमीसारखं उडणं नाही, म्हणजे तास वाढणार नाहीत, आणि खर्च कंपनीचा म्हणून बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही. बाबांनी बॉण्डखाली पेन्सिल इतकी दाबली होती की मागच्या पानावर उमटली आहे.

मनातून मात्र 737 उडवायचंच होतं. गुडघ्याशी खटाखट फिरणारं ते ट्रिम व्हील, पांढरी पट्टी असलेलं. असो.

शनिवार

घरात सांगायचं राहिलं होतं ते म्हणजे दिल्ली.

बायकोचं ऑफिस ऐरोलीला. ती येणार नाही आणि तिने यावं असं मी म्हणणारही नाही. तिने एकच विचारलं, “अरे, पण घरी किती असशील?” तर पायलटांच्या ड्युटी-विश्रांतीच्या नव्या एफडीटीएल नियमाने 2025 पासून आठवड्याची सलग विश्रांती 36 ऐवजी 48 तास आहे. 36 तासांत दिल्लीहून येऊन परत जाण्यात अर्थ नव्हता. 48 मध्ये दोन रात्री घरी मिळतात, स्टाफ तिकिटावर जागा मिळाली तर. दिवाळीत मिळणार नाही, गणपतीत मिळणार नाही. तिने कॅलेंडर काढलं आणि गणपतीची पानं बघत बसली. “मुंबई बेस कधी?” सीनियॉरिटी आली की. “म्हणजे परत तीच रांग,” ती म्हणाली. हो, तीच.

आईला वाईट वाटेल म्हणून मी बरीच प्रस्तावना केली. तिने ऐकून घेतलं आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, “मुंबईत असतोस तरी कुठे घरी असतोस? दिवसा झोपतोस आणि आम्हाला कुजबुजत बोलायला लावतोस.”

रविवार, रात्र

नव्या कंपनीच्या बाईंना सकाळी फोन करून नाही सांगितलं. त्यांनी पगार थोडा वाढवून दिला असता. मी आभार मानले. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते हळहळले. घर तारण ठेवून माझं लायसन्स झालंय, त्यांना हळहळायचा हक्क आहे.

आता राजीनामा. को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस, कॅप्टनला वर्षाची. हा डीजीसीएचा नियम, कंपनी आपण होऊन सोडेल तर गोष्ट वेगळी. तिकडे तोवर बॅचमागून बॅच रुजू होणार आणि त्यातला प्रत्येक जण माझ्या पुढे. गेला आठवडा विचारात घालवला, तेवढ्यातही कोणीतरी पुढे गेलं असेल.

मेल लिहून तयार आहे. बायको म्हणाली झोप आता, उद्या शांतपणे वाचून पाठव. पण नोटीस मेलच्या तारखेपासून मोजतात आणि घड्याळात 11:40 झालेत. पाठवतोय.