तांबं आणि लेझर

"सर, तुमचा रिसर्च पेपर छापून येईल सावकाश. आमचा माल शनिवारी जायचाय!"

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचे मालक आज आमच्या फिजिक्सच्या सरांना हसत हसत म्हणाले. हातात चहा होता, सगळे हसले. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं.

त्यांचा प्रश्न साधा होता. स्टील झकास जोडणारा फायबर लेझर तांब्याच्या पट्टीवरच का अडतो? कारण त्याचा प्रकाश अवरक्त (इन्फ्रारेड), तरंगलांबी साधारण १.०७ मायक्रॉन, म्हणजे १०७० नॅनोमीटर. गुळगुळीत, थंड तांबं त्यातला ९० टक्क्यांहून जास्त परत फेकतं. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश मात्र कितीतरी पट जास्त शोषतं.

सर हे सांगत असताना मशीनवरचा पोरगा म्हणाला, "म्हणूनच तांबं लाल दिसतं का, सर? निळं गिळतं म्हणून?"

सर क्षणभर बघतच राहिले. बरोबर होतं की!

नाशकात स्विचगिअर (वीज चालू-बंद करणारी उपकरणं) बनतात, तांबं रोजचंच. आणि आम्ही लॅबमध्ये अजून हेलियम-निऑनच्या लेझरवर प्रकाशाचे तेच ते पट्टे मोजतोय. (तेही हवंच म्हणा.) एमएस्सीचा एखादा प्रोजेक्ट थेट या शेडमधून का निघू नये? आणि त्या पोराला आमच्या लॅबमध्ये बोलावणार कोण?