माझी इशारा पातळी

फेब्रुवारीतली रात्र, पावणेदोन वाजलेले. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात सगळे गाढ झोपेत होते आणि मी स्वयंपाकघरात लॅपटॉप मांडून बसले होते. चार दिवस एकाच बगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीच्या, मागे होते.

आमचं सॉफ्टवेअर दूध संस्थांसाठी आहे. पहाटे उत्पादक किटली घेऊन येतो, वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीनवरून थेट संगणकात जातं, पावती हातात पडते आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं. तीन संस्थांकडून एकच तक्रार आली होती. १, ११ आणि २१ तारखेला पहाटे घातलेलं काही लोकांचं दूध मागच्या बिलात जातंय. तेही सगळ्यांचं नाही, रांगेत अगदी पुढं असणाऱ्यांचंच. मी ऑफिसमध्ये सकाळी अकराला नोंद करून बघायचे, तारीख बरोबर यायची. दुपारी करायचे, तेव्हाही बरोबर. त्या रात्री पावणेदोनला केलेली नोंद मात्र आदल्या दिवसाच्या तारखेला गेली. मी ती बघितली आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, कारण माझा तो दिवस अजून संपलाच नव्हता. उत्तर डोळ्यांसमोर होतं. मी लॅपटॉप मिटला आणि तिथंच फरशीवर बसून रडले.

पप्पा पाणी प्यायला उठले होते. दारात उभे राहिले.

"काय झालं गं?"

"मला जमत नाही हे, पप्पा. मी सोडतो ही नोकरी." (कोल्हापुरात आम्ही मुली घरात असंच बोलतो.)

ते काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "आता झोप. उद्या रविवार हाय, शॉपवर ये माझ्याबरोबर."

नोकरी लागून तेव्हा आठ महिने झाले होते. शिवाजी विद्यापीठातून एमसीए केलं आणि राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत डेव्हलपर म्हणून लागले. घरात कॉम्प्युटरवर पगार घेणारी मी पहिलीच. आई गल्लीत पेढे वाटून आली, आणि मला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत होतं की मुलाखतीत नेमकं आदल्या रात्री वाचलेलंच विचारलं, म्हणून घेतलं, नाहीतर घेतलं नसतं. कधीतरी यांच्या लक्षात येणार.

माझ्या पहिल्या मोठ्या कोडवर रिव्ह्यूमध्ये सतरा शेरे आले. आज तसे शेरे मी दुसऱ्यांच्या कोडवर लिहिते, त्यात विशेष काही नसतं. व्हेरिएबलचं नाव बदल, ही क्वेरी लूपच्या बाहेर काढ. तेव्हा मात्र मी ते सतरा शेरे घरी नेऊन पाठ केल्यासारखे वाचले. सकाळच्या स्टँडअप मीटिंगला "काल काय केलं, आज काय करणार" ही दोन वाक्यं बोलायची असतात. ती मी रिक्षात बसून वहीत लिहून काढायचे, कुठं अडकलेय ते ऐकणाऱ्याला कळू नये अशा बेतानं. कुणी मागून गेलं की स्क्रीनवरची विंडो बदलायचे, कारण मी अगदी साध्या गोष्टी शोधत असायचे. एआयच्या मदतीनं एखादं फंक्शन लिहिलं की वाटायचं, हे पण आपलं नव्हे. दिवसा न विचारलेला प्रत्येक प्रश्न रात्री सोडवायला घ्यायचा, हा माझा शिरस्ता झाला.

दिवाळीनंतर दोन अनुभवी माणसं कंपनी सोडून गेली. त्यांच्या जागा भरल्या नाहीत, काम उरलेल्यांत वाटलं गेलं. सहा महिन्यांचं प्रोबेशन संपून नोकरी कायम झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आनंदाऐवजी पोटात गोळा आला. आता तर फसवणूक कागदावर आली, असं वाटलं.

रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर मैत्रिणींसोबत बसले असले तरी पाच वाजल्यापासून छातीत धडधड सुरू व्हायची. झोपून उठलं तरी अंग दुखलेलंच. मेसेजचा आवाज झाला की हात गार पडायचे. पण मला सगळ्यात जास्त घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. त्या बगबद्दल एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला होता आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं, मरू दे यांचं दूध, मला काय करायचंय. माझी आत्ती करवीर तालुक्यात दोन म्हशींवर घर चालवते. दहा दिवसांचं बिल म्हणजे काय असतं ते मला कुणी सांगायला नको. तरी हे मनात आलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात पप्पांच्या वर्कशॉपवर गेले. शॉप बंद होतं, पप्पांनी एकच शटर वर केलं. आत कूलंटचा तो ओळखीचा वास. त्यांनी पंचवीस वर्षं लेथ, म्हणजे धातूचे भाग कापून घडवायचं मशीन, चालवलंय. त्यांच्या भाषेत जॉब म्हणजे नोकरी नव्हे, चकमध्ये धरलेला तुकडा. एक कास्टिंग हातात देऊन त्यांनी आतलं भोक दाखवलं.

"बोअर जादा झाला तर काय करतोस? कमी असला तर परत कापता येतो. जादा झाला की स्क्रॅप, कापलेलं परत चिकटवता येत न्हाई. मी पहिल्या वर्षात किती घालवले असतील मोजलं न्हाई. हात बसायला दोन वर्षं गेली."

"मालक ओरडत नव्हते?"

"ओरडायचे की. पण बिघडला की लगेच नेऊन दाखवायचो. एकदाच लपवला होता, चांगल्या मालात सरकवला. तो असेंब्लीत सापडला आणि सगळा लॉट परत आला. त्या आठवड्यात मला जेवण गेलं न्हाई बघ."

मग गप्प बसून त्यांनी तो तुकडा पुसला आणि जागेवर ठेवला. मी घरी येईपर्यंत तेच आठवत होते. मी आठ महिने जॉब लपवत होते. थकवा कामाचा होताच, पण त्याहून मोठा या लपवाछपवीचा होता.

सोमवारी ऑफिसला न जाता आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला लावलं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सततच्या थकव्यामागं शरीराचं कारणही असू शकतं आणि आपण सगळं मनावर ढकलून मोकळे होतो. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पण फक्त तेवढंच नाही असं सांगून त्यांनी समुपदेशक मॅडमकडे चिठ्ठी दिली. तिथली वेळ मिळेपर्यंत चार दिवस मध्ये होते. एका रात्री फारच घाबरल्यासारखं झालं तेव्हा मी १४४१६ ला फोन केला. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला अर्धा तास बोलू दिलं.

समुपदेशक मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडून सगळं ऐकलं आणि मग दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. आपण लायक नाही, चुकून इथवर आलोय आणि पकडले जाणार, या भावनेवर पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये लिहिलं, तेही उत्तम यश मिळवलेल्या बायकांचा अभ्यास करून. म्हणजे पुरावे हातात असूनही ती जात नाही. इम्पोस्टर, म्हणजे तोतया, हा शब्द या भावनेला तिथून चिकटला. आणि बर्नआउट वेगळं. क्रिस्टिना मॅस्लॅक यांच्या मांडणीत त्याची तीन अंगं आहेत: पिळून निघाल्यासारखा थकवा, कामाबद्दल आणि माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. "मरू दे यांचं दूध" हे त्यातलं दुसरं अंग होतं. मी वाईट माणूस झाले नव्हते, हे ऐकून मला किती हलकं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

मॅडमनी हेही सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या दीर्घ ताणातून येणारी गोष्ट म्हणून केली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं कुणी थकलं की मन घट्ट कर, योगा कर, सकारात्मक राहा असं सांगतात. पण दोन माणसांचं काम माझ्या अंगावर पडलं होतं, हे काही माझ्या मनाचे खेळ नव्हते. स्वतःवरचा अविश्वास माझा मला सोडवायचा होता. कामाच्या वाटपाबद्दल मात्र कंपनीशीच बोलायला हवं होतं.

ते बोलणं मला सगळ्यात अवघड गेलं. टीम लीडना म्हटलं, दहा मिनिटं हवीत, आणि कागदावर लिहून नेलेलं वाचून दाखवलं. माझ्याकडं आत्ता कोणती कामं आहेत, त्यातलं काय मला येत नाही, आणि रात्री दहानंतर मी काम करणार नाही. आवाज थरथरत होता. त्यांनी कागद मागून घेतला, दोन कामं दुसऱ्यांकडे वळवली, दहा दिवसांची रजा दिली. कायमचा माणूस भरायला कंपनीनं पुढं चार महिने लावले, ते चूकच होतं असं मी आजही म्हणेन.

निघताना त्यांनी विचारलं, त्या दुधाच्या बगचं काय? मी पहिल्यांदाच म्हणाले, "मला सापडत नाही, बसाल का माझ्याबरोबर?" वीस मिनिटांत उलगडलं. सर्व्हर वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतो. आपली वेळ त्याच्यापुढं साडेपाच तास. म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचच्या आधी झालेली प्रत्येक नोंद सर्व्हरच्या हिशेबी काल झालेली. रोजच तारीख चुकत होती, लक्षात यायचं ते बिल बदलताना. आणि पाचला संकलन सुरू करणाऱ्या संस्था तीनच होत्या. लीड म्हणाले, "तारीख-वेळेत मी पण कितीतरी दिवस घालवलेत." चार रात्री मी हे वाक्य न ऐकताच काढल्या होत्या.

रजेच्या पहिल्या चार दिवसांत मी फक्त झोपले. आधी मी रात्री ऑनलाइन कोर्स लावायचे, प्रेरणादायी व्हिडिओ बघायचे, बरोबरच्यांची लिंक्डइनवरची प्रगती चाळायचे. यातल्या एकानंही फायदा झाला नव्हता, उलट भरच पडली होती. हे सगळं बंद केलं. ऑफिसचं चॅट फोनवरून काढून टाकलं. परत गेल्यावर पाऊण तासाचा नियम केला. पाऊण तास स्वतः झगडायचं, मग काय काय करून बघितलं ते चार ओळीत लिहून विचारायचं. ते लिहिता लिहिताच बऱ्याचदा उत्तर सापडतं.

मॅडमनी आणखी एक काम दिलं होतं. पावसाळ्यात आपण रोज राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघतो. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. "तुझी इशारा पातळी लिहून काढ," त्या म्हणाल्या. "धोक्याला पोचल्यावर माणसं हलवायची वेळ येते, इशाऱ्याला आवराआवर करता येते." माझ्या वहीत लिहिलंय: सलग दोन रात्री जेवणानंतर लॅपटॉप. आईला हुं-हूं एवढंच उत्तर. ग्राहकाच्या फोनचा राग. यातलं एक जरी आलं तरी मी दुसऱ्या दिवशी लीडशी बोलते. जुलैमध्ये एकदा आणि मार्चमध्ये एकदा तशी वेळ आली. ती पकडले जाण्याची भावना अजून येते, नवीन काम हातात आलं की हमखास. पण आता मी ती आली म्हणून रात्र जागत नाही.

मागच्या महिन्याच्या ११ तारखेला आत्तीकडे होते. तिच्याबरोबर अंधारातच संस्थेत गेले, पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. तिचा नंबर तिसरा. दूध ओतलं, मशीनचा आवाज झाला, पावती बाहेर आली. आत्तीनं ती बल्बखाली धरून फॅट बघितली, सात पॉइंट एक. मी तिच्या खांद्यावरून तारीख बघत होते. अकरा होती.